जनावर कंपनीचं, कर्ज शेतकऱ्याचं

आमच्याकडे खेड्यात शेळी अर्धलीनं पाळायला देण्याची जुनी रीत आहे. शेळी एकाची, चारापाणी आणि राखण दुसऱ्याची. करडं झाली की दोघांत वाटणी. शेळी मेली, तर एकाची शेळी गेली आणि दुसऱ्याची मेहनत. कागद नाही, वकील नाही. पण जोखीम दोघांच्याही डोक्यावर.

आज अशाच एका भागीदारीविषयी बोलायचं आहे. ती आहे अमेरिकेतल्या डुकरांची. मुसलमान माणसानं डुकरांवर बोलावं, याचं कुणाला हसू येईल. येऊ द्या. माझा विषय जनावर नाही, करार आहे.

नॉर्थ कॅरोलिना राज्यात डुप्लिन नावाची काउंटी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग आहे. तिथल्या रोझ हिल गावचे वेंडेल मर्फी हे शाळामास्तर. १९६२ मध्ये त्यांनी पशुखाद्याची गिरणी काढली आणि पुढे स्वतःच डुकरं पाळू लागले. १९६९ मध्ये रोगाची साथ आली. कळप मारावा लागला, जागेवर बंदी आली. तेव्हा मर्फी शेजाऱ्यांकडे गेले. पिलं माझी, खाद्य माझं, कुंपणाचे खांब आणि तारसुद्धा माझी. जमीन आणि मेहनत तुमची. डुकरामागे ठरलेले पैसे घ्या. तंबाखूवर जगणारा तो मुलूख. पुढे तंबाखूचा भरवसा कमी झाला, तेव्हा हा बांधला पैसा अनेक घरांना आधार वाटला. तो आधार होताही.

मग धंदा वाढला. कुंपणं गेली, लांबलचक शेड आल्या. माद्या एका फार्मवर, दूध तुटलेली पिलं दुसऱ्यावर, वजन वाढवणं तिसऱ्यावर. डुकरीण सुमारे ११४ दिवसांत विते आणि पिल्लू सहा महिन्यांत शंभर किलोच्या वर जातं. १९९२ मध्ये टार हील इथं स्मिथफिल्ड कंपनीचा कत्तलखाना उघडला. त्याची क्षमता दिवसाला सुमारे ३२ हजार डुकरांची. ऐंशीचं दशक संपताना राज्यात पंचवीसेक लाख डुकरं होती. १९९७ पर्यंत ती एक कोटीच्या घरात गेली.

आता कराराची दुसरी बाजू पाहा. डुक्कर, खाद्य, औषध आणि विक्री कंपनीच्या हाती. शेड, वीज, पाणी, मजुरी, मेलेल्या जनावरांची विल्हेवाट आणि मलमूत्र शेतकऱ्याकडे. शेडचं कर्ज दहा-पंधरा वर्षांचं, करार मात्र पुष्कळदा त्याहून आखूड. कंपनीनं पिलं धाडणं थांबवलं, तरी हप्ता थांबत नाही.

मलमूत्र मोठ्या उघड्या तळ्यांत साठवून शेतात फवारत. जून १९९५ मध्ये अशा एका तळ्याचा बांध फुटला आणि जवळजवळ साडेनऊ कोटी लिटर घाण न्यू नदीच्या खोऱ्यात गेली. १९९७ मध्ये राज्यानं अशा नव्या फार्मना स्थगिती दिली. १९९९ च्या फ्लॉइड वादळात पुरानं हजारो डुकरं बुडाली. २००० मध्ये मर्फींचा धंदा स्मिथफिल्डनं घेतला आणि २०१३ मध्ये स्मिथफिल्डच एका चिनी कंपनीनं विकत घेतली. मालक बदलत गेले; तळं होतं तिथंच राहिलं. वासानं हैराण झालेले शेजारी, त्यांत बहुतेक कृष्णवर्णीय, कोर्टात गेले. २०१८ मध्ये एकामागून एक खटल्यांत ज्यूरींनी त्यांच्या बाजूनं कौल दिला.

हे सगळं दूरचं वाटेल; पण आपल्याकडे ब्रॉयलर कोंबड्यांचा धंदा पुष्कळसा याच पद्धतीनं चालतो. पिल्लू कंपनीचं, शेड शेतकऱ्याची. करार वाईटच असतो, असं मी म्हणत नाही. बाजारभाव कोसळला तर तो शेतकऱ्याला सावरतोही. फक्त सही करण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. जनावर मेलं तर कुणाचं मेलं? घाण कुणी उचलायची? आणि आधी काय संपणार, करार की कर्ज? अर्धलीच्या शेळीत यांची उत्तरं दोघांनाही पाठ असत. छापील करारात ती वाचून काढावी लागतात.