शर्करा-अल्कोहोल आणि संधान : ‘शुगर-फ्री’ अरिष्टाचा विचार

प्रमेहाचे रुग्ण अलीकडे आम्हांस हमखास विचारतात, “वैद्यराज, अरिष्ट शुगर-फ्री मिळेल का?” गुळाऐवजी सॉर्बिटॉल वापरलेले असे कल्प लिहून देण्यापूर्वी संधानपात्रात काय घडते, हे पाहणे अगत्याचे आहे.

मान सांगितलेले नसल्यास एक द्रोण द्रवास एक तुला गूळ, गुळाच्या निम्मा मध व एक दशांश प्रक्षेप घ्यावा, असे शार्ङ्गधरसंहिता सांगते. हा गूळ केवळ गोडीसाठी नाही. तो किण्वाचे, म्हणजेच यीस्टचे अन्न आहे. यीस्टची पेशी ग्लुकोजचे विघटन करून ऊर्जा मिळवते. त्या क्रियेत सुटलेला हायड्रोजन अखेरीस ॲसिटाल्डिहाइड स्वीकारते व त्याचे मद्य होते. देणे-घेणे बरोबर जुळते. म्हणूनच मुखबंद पात्रात प्राणवायूविनाही संधान चालते.

सॉर्बिटॉल, मॅनिटॉल ही शर्करा-अल्कोहोले होत. नावात अल्कोहोल असले तरी ती मादक नव्हेत. ग्लुकोजच्या रेणूत हायड्रोजनचे १२ अणू असतात, सॉर्बिटॉलच्या रेणूत १४. यीस्टला प्रथम दोन अणू काढून सॉर्बिटॉलचे फ्रुक्टोज करावे लागते. हवा खेळती असल्यास हा जादा हायड्रोजन प्राणवायू घेतो. बंद पात्रात तो ग्लिसरॉल बनवून खपवता येतो. परंतु मग पेशीच्या हाती ऊर्जा जवळजवळ काहीच उरत नाही. शिवाय सॅकरोमायसिस सेरेव्हिसिई या नेहमीच्या यीस्टच्या अनेक प्रभेदांना हवेतही सॉर्बिटॉल सहजी वापरता येत नाही.

तात्पर्य, गूळ, साखर व मध वगळून केवळ सॉर्बिटॉल घातल्यास धायटीची फुले असूनही संधान नीट होणार नाही. सामान्यतः अपेक्षित असलेले ५ ते १० टक्के स्वयंजनित मद्य त्यात निर्माण होणार नाही. असा कल्प म्हणजे गोड काढा. तो उपयोगी असेल, पण अरिष्ट नव्हे. संधान पूर्ण झाल्यावर सॉर्बिटॉल मिसळले असेल, तर गोष्ट निराळी. मात्र तेव्हा गुळाची शिल्लक शर्करा त्यात असू शकते.

म्हणून सॉर्बिटॉल केव्हा घातले, हे निर्मात्यास अवश्य विचारावे. सॉर्बिटॉलही निरुष्मांक नाही. एका ग्रॅममागे सुमारे २.६ किलोकॅलरी मिळतात आणि अतिमात्रेत द्रवमलप्रवृत्ती होते. शर्करा टाळणे आवश्यकच असेल, तेथे ताजा क्वाथ वा चूर्ण देणे अधिक प्रामाणिकपणाचे, असे आमचे मत आहे.