न मोजलेली वाट

लंडन किंवा टोरांटोत राहणाऱ्या मराठी माणसाकडून एक तक्रार हमखास ऐकू येते: तिकडे गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी महिनोन्‌महिने थांबावे लागते, आपल्याकडे सकाळी फोन केला की संध्याकाळी स्पेशालिस्ट भेटतो. तक्रार खोटी नाही. इंग्लंडमधील नियोजित उपचारांची प्रतीक्षायादी २०२३ च्या सप्टेंबरात ७७ लाखांच्या वर गेली होती. कॅनडातील फ्रेझर इन्स्टिट्यूटच्या पाहणीत फॅमिली डॉक्टरच्या चिठ्ठीपासून उपचारापर्यंतचा काळ १९९३ मध्ये ९.३ आठवडे होता, तो २०२४ मध्ये ३० आठवड्यांवर गेला. ही संस्था खुल्या बाजाराची पुरस्कर्ती आहे हे लक्षात ठेवूनही ती वाढ नजरेआड करता येत नाही. पण यावरून आपल्याकडे वाट पाहावी लागत नाही असा जो निष्कर्ष निघतो, तो मला मान्य नाही. आपल्याकडेही लोक वाट पाहतात, फक्त ती कोणी मोजत नाही.

इंग्लंडमध्ये फॅमिली डॉक्टरने रुग्णाला पुढे पाठवले की घड्याळ सुरू होते. शंभरातल्या ९२ रुग्णांचे उपचार १८ आठवड्यांत सुरू झाले पाहिजेत, असे तिथले बंधन आहे. ते गेली कित्येक वर्षे पाळले गेलेले नाही आणि ही गोष्ट तिथली सरकारी आरोग्यसेवा स्वतःच दर महिन्याला आकड्यांनिशी जाहीर करते. याच मोजणीच्या बळावर एकदा रांग आटलीही होती. १९९० च्या दशकाअखेर तिथे वर्षाहून अधिक थांबणारे रुग्ण होते. पुढे सरकारने निधी वाढवला, रुग्णालयांवर मुदतीचा धाक बसवला आणि २००८ पर्यंत १८ आठवड्यांची मर्यादा प्रत्यक्षात आणली. नंतर निधीची वाढ मंदावली, कोविड आला, यादी फुगली. प्रत्येक चढउतार कागदावर आहे, म्हणून जाब विचारता येतो.

यावर आक्षेप असा, की मुदतीचा धाक बसला की आकड्यांची लबाडी सुरू होते. झालीच होती: २००१ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने नऊ रुग्णालय-संस्थांनी याद्यांत फेरफार केल्याचे उघड केले. पण फेरफार पकडायलाही आधी यादी असावी लागते. यादीने कोणी बरे होत नाही, त्याला डॉक्टर आणि खाटा लागतात, हा दुसरा आक्षेप पूर्ण खरा आहे. मात्र कुठे किती डॉक्टर कमी पडतात, हे रांग मोजल्याशिवाय ठरवायचे कशावरून? जर्मनीत खासगी विमेदारांना वेळ लवकर मिळते आणि सार्वजनिक विम्याचे रुग्ण ताटकळतात, हे वारंवार दिसल्यावरच स्पेशालिस्टची वेळ चार आठवड्यांत मिळवून देणारी केंद्रे २०१६ पासून कायद्याने सुरू झाली.

पैसे मोजले की वाट संपते, हा समजही अर्धवट आहे. अमेरिकेतल्या १५ मोठ्या शहरांतील २०२२ च्या पाहणीत नव्या रुग्णाला डॉक्टरची वेळ मिळायला सरासरी २६ दिवस लागत होते. विमा नाही म्हणून ज्याने फोनच केला नाही, तो या सरासरीत येतच नाही.

आपल्या देशातली मोठी रांग अशीच अदृश्य आहे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यानुसार २०२१-२२ मध्ये एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के रक्कम लोकांनी थेट खिशातून भरली. सोयाबीन विकल्यावर बघू, म्हणत पिशवीचे ऑपरेशन पुढे ढकलणारी विदर्भातली बाई कोणत्याच रुग्णालयाच्या वहीत नसते. परळला टाटा रुग्णालयाबाहेरच्या फुटपाथवर नातेवाइकांसह दिवस काढणारे कर्करुग्ण निदान डोळ्यांना दिसतात, तिची वाट तेवढीही दिसत नाही. तातडीचे उपचार वेळेत न देणे हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगालमधील एका प्रकरणात १९९६ मध्येच म्हटले आहे. तातडीचे नसलेल्या उपचारांनाही वेळेची काही मर्यादा हवी आणि तिची सुरुवात खर्चिक नाही. प्रत्येक सरकारी रुग्णालयाने ओपीडीच्या दाराशी फलक लावावा: आज नाव नोंदवले तर सोनोग्राफी, एमआरआय आणि शस्त्रक्रियेची तारीख कोणती मिळेल. आपल्या जिल्हा रुग्णालयात तो नसेल, तर वाचकांनी तो लेखी मागावा.