आखणी आणि पैलू

पेणच्या गणपतींच्या कारखान्यात मूर्ती पसंत करावयास आलेले जाणते गिऱ्हाईक तिच्या उंचीला भुलत नाही. ते आधी डोळ्यांची आखणी निरखते. कारण साचा एक, रंग एक, हात मात्र निराळे, आणि त्या हातांच्या फरकाने एका मुखावर प्रसन्नता उतरते व शेजारच्या मुखावर उतरत नाही, हे पेणकरास पिढीजात ठाऊक असते. असा हा चोखंदळ पेणकर साखरपुड्याची अंगठी घ्यावयास सराफाच्या पेढीवर बसला, की त्याचा पहिला प्रश्न मात्र ‘किती कॅरटचा?’ हाच असतो, याचे मला गतवर्षी मोठे नवल वाटले. भाच्याची सोयरीक रोह्यास जुळली होती, आणि चार पुस्तके वाचलेला म्हणून खरेदीच्या कामी माझी नेमणूक झाली होती.

वस्तुतः आपल्या वाङ्निश्चयात अंगठीची वहिवाट जुनी नव्हे. साखरेचा पुडा, नारळ, साडी आणि ओटी एवढ्यावर शब्द पक्का होई. या प्रसंगी हिरा अपरिहार्य आहे ही समजूत मुख्यतः डी बिअर्स कंपनीने, प्रथम अमेरिकेत, जाहिरातींच्या बळावर रुजविली, आणि तिचे जगप्रसिद्ध घोषवाक्य १९४७ सालचे आहे. (पेण तालुक्यातील गागोद्यास जन्मलेल्या आणि पुढे पवनारला कांचनमुक्तीचा प्रयोग करणाऱ्या विनोबांचे स्मरण अशा वेळी न झालेलेच बरे.)

वजनाचा मोह मात्र आपला स्वतःचा, आणि पुरातन. सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त हिऱ्याची परीक्षा सांगताना काकपद, माशी, केस असे दोष वर्ज्य ठरविले, परंतु मोलाचा तक्ता तांदळाच्या वजनावरच बांधला. सतराव्या शतकात गोवळकोंड्याच्या खाणी पाहून गेलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निए लिहितो, की येथील कारागीर निर्दोष खडा चाकाला जेमतेम लावीत आणि वजन घटेल या भयाने त्याला आकार देत नसत. डाग असला तरच तो झाकण्यासाठी बारीक बारीक पैलू पाडीत.

या मोहाचा सर्वांत बोलका दाखला म्हणजे त्र्यंबकेश्वराच्या चरणी असल्याचे परंपरेने सांगितले जाणारे ते ‘नाशिकचा हिरा’ नामक रत्न. १८१८ साली पेशवाई बुडाली तेव्हा ते इंग्रजांच्या हाती पडले. त्या वेळी त्याचे वजन सुमारे ९० कॅरट, म्हणजे १८ ग्रॅम होते. लंडनच्या रंडेल आणि ब्रिज या पेढीने त्याला नवे पैलू दिले, तरी वजन जपण्याकडेच तिची दृष्टी राहिली आणि ७८ कॅरटांहून अधिक दगड शिल्लक ठेवण्यात आला. पुढे १९४० साली न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टनने तो पुन्हा चाकाला लावला आणि ४३.३८ कॅरटांवर आणला. देवाच्या रत्नाचा निम्म्याहून अधिक अंश भुकटी होऊन गेला, याची मराठी मनाला हळहळ वाटावी हे स्वाभाविक आहे, मलाही ती वाटते. परंतु ज्या जवाहिऱ्याने स्वतःच्या पैशाने घेतलेल्या मालाचे एवढे वजन जाणूनबुजून घालविले, त्याला त्या घटीपेक्षा तेजाचा लाभ मोठा दिसला असला पाहिजे.

हा लाभ केवळ कोनांचा आहे. मार्सेल टोल्कोव्स्की याने १९१९ साली गणिताने दाखविले, की गोल हिऱ्याच्या खालच्या अंगाचे पैलू ४०.७५ अंशांच्या आणि वरचे ३४.५ अंशांच्या उतारावर असता आत शिरलेला प्रकाश आतल्या आत परतून पुन्हा पाहणाऱ्याच्या डोळ्यांकडे येतो. खडा फार खोल किंवा फार उथळ राहिला तर तोच प्रकाश खालून निसटतो आणि मध्यभाग निस्तेज दिसतो. खोल खड्यात आणखी एक मखलाशी असते: सुरेख कापलेला एक कॅरटचा गोल हिरा सुमारे साडेसहा मिलिमीटर रुंद भरतो, खोल ठेवलेला त्याहून लहान दिसतो, उरलेले वजन कोंदणाखाली दडते आणि गिऱ्हाईक त्या दडलेल्या वजनाचेही दाम मोजते.

रंगाच्या बाबतीत मात्र हात आखडता घेण्यास हरकत नाही, कारण पिवळ्या सोन्यात किंचित पिवळसर झाक सहज लपते. नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या डागाबद्दलही मी फारसा हट्ट धरणार नाही. प्रयोगशाळेत घडविलेला हिरा तोच कार्बन, तितकाच कठीण आणि पुष्कळ स्वस्त. फक्त तो तसा आहे हे विकणाऱ्याने लेखी दिले पाहिजे. रोह्याचे व्याही, चिंतामणराव देशमुखांच्या गावचे असल्यामुळे की काय, दाखल्यावाचून बोलायलाच तयार नव्हते.

सराफाने दोन सुटे खडे मांडले, एक भारी, एक हलका. दिव्यांच्या झोतात दोन्ही सारखेच झळाळत होते. मी ते पेढीच्या उंबऱ्यापाशी, पावसाळी मळभाच्या उजेडात नेण्याची विनंती केली. तेथे मोठ्याचा मध्यभाग काळवंडला. लहान मात्र तेवत राहिला. भाचा बराच वेळ वाकून पाहत होता. मग म्हणाला, “मामा, ह्याची आखणी जमलीय.” सराफाने मोठा खडा पुडीत बांधला, भिंग डोळ्याला लावून लहानाच्या कडेवरचा क्रमांक दाखल्याशी ताडून पाहिला, आणि भाच्याने खिशातून रोह्याहून आलेला, मुलीच्या बोटाच्या मापाचा दोरा काढून गादीवर ठेवला.