प्रमाणीकरण, ऑनलाइन खात्यांचे

ऑनलाइन खात्यात प्रवेश मागणारी व्यक्ती हीच त्या खात्याची खरी धारक आहे, याची संगणकीय प्रणालीने करून घेतलेली खातरजमा. ओळख सांगणे व ओळख पटविणे या दोन भिन्न क्रिया होत. वापरकर्त्याचे नाव ही केवळ सांगितलेली ओळख असते. तिला पुराव्याची जोड मिळाली म्हणजे ती प्रमाणित होते. हा पुरावा तीन प्रकारचा असतो : (१) धारकाला माहीत असलेली गोष्ट, उदा., परवलीचा शब्द (पासवर्ड), पिन. (२) त्याच्याजवळ असलेली वस्तू, उदा., कार्ड, मोबाइल. (३) त्याचे शारीरिक वैशिष्ट्य, उदा., बोटांचे ठसे, चेहरा. यांपैकी दोन भिन्न प्रकारचे पुरावे एकत्र मागितल्यास त्यास द्विघटकी प्रमाणीकरण म्हणतात.

प्रमाणीकरणात दोन तऱ्हेच्या चुका संभवतात : परक्यास आत घेणे व खऱ्या धारकास बाहेर ठेवणे. पहिली टाळण्यासाठी कसोटी कडक केली की दुसरी वाढते. त्यामुळे सुरक्षितता व सोय यांचा समतोल साधणे, हा या विषयाचा गाभा ठरतो. तथापि या दोहोंत नेहमीच विरोध असतो, असे नाही. सोसवेनाशी झालेली कसोटी लोक आडवाटेने टाळतात आणि मग ती सुरक्षितही राहत नाही. जेरोम सॉल्ट्झर व मायकेल श्रोडर यांनी १९७५ मध्ये संगणकीय संरक्षणाची जी तत्त्वे मांडली, त्यांत मानसिक स्वीकार्यतेचाही समावेश होता.

इतिहास : एकाच संगणकाचा अनेकांना एकाच वेळी वापर करू देणारी सीटीएसएस ही प्रणाली मॅसॅचूसेट्स तंत्रज्ञान संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केली आणि १९६१ मध्ये तिचे प्रात्यक्षिक दाखविले. प्रत्येकाच्या फायली अलग राखण्यासाठी तीत परवलीचे शब्द योजले गेले. १९६६ मध्ये दोन फायलींची अदलाबदल होऊन दैनिक संदेशाऐवजी सर्वांचे परवलीचे शब्द प्रवेश करणाऱ्या प्रत्येकापुढे उमटले. शब्द जसेच्या तसे साठविण्यातील धोका यावरून दिसून आला. मूळ शब्द परत काढता येऊ नये अशा गणिती रूपांतराने तो साठविण्याची पद्धत पुढे रूढ झाली. रॉबर्ट मॉरिस व केन टॉम्पसन यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात ३,२८९ परवलीचे शब्द तपासले होते, त्यांपैकी २,८३१ (सु. ८६%) अतिशय लहान, केवळ छोट्या लिपीतील अक्षरांचे वा शब्दकोशात सापडणारे निघाले.

कडक नियम व त्यांचे परिणाम : यावर उपाय म्हणून मोठे अक्षर, अंक व चिन्ह यांची सक्ती आणि ठराविक मुदतीने शब्द बदलण्याचे बंधन अनेक संस्थांनी घातले. परिणामी लोक जुन्याच शब्दापुढील अंक एकाने वाढवू लागले, तोच शब्द अनेक खात्यांना वापरू लागले वा कागदावर लिहून मेजाला चिकटवू लागले. या वर्तनाचे मूळ आळसात नसून स्मरणशक्तीच्या स्वाभाविक मर्यादेत आहे. इंग्रजी कळफलकावरील ९४ चिन्हांतून यदृच्छया निवडलेल्या ८ चिन्हांच्या रचनांपेक्षा केवळ २६ लहान अक्षरांतून तशाच निवडलेल्या १२ अक्षरांच्या रचना १५ पटींहून अधिक भरतात. म्हणजे गुंतागुंतीपेक्षा लांबी अधिक उपयोगी पडते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रविद्या संस्थेने २०१७ मध्ये चिन्हांची सक्ती व मुदतीचा बदल हे दोन्ही नियम घालू नयेत, असे सुचविले. त्याऐवजी निदान ६४ चिन्हांपर्यंत लांब शब्द स्वीकारावेत आणि आधी फुटलेल्या शब्दांच्या यादीशी नवा शब्द ताडून पाहावा, असा तिचा सल्ला होता.

स्मरणावरील भार कमी करूनही सुरक्षितता राखता येते, याचे परिचित उदाहरण म्हणजे एटीएमचा चार अंकी पिन. त्याच्या केवळ १०,००० रचना होतात. परंतु तीन चुकांनंतर कार्ड अडविले जात असेल, तर यदृच्छया निवडलेला पिन अंदाजाने साधण्याची शक्यता १०,००० मध्ये ३ इतकीच राहते. शिवाय कार्डही हाती असावे लागते. येथे संरक्षणाचा भार धारकाच्या स्मृतीऐवजी यंत्रणा वाहते.

भारतातील व्यवस्था : कार्ड प्रत्यक्ष सादर न करता होणाऱ्या ऑनलाइन व्यवहारांसाठी रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासून अतिरिक्त प्रमाणीकरण आवश्यक केले. एकदाच वापरावयाचा संकेतांक (ओटीपी) त्यातूनच सर्वपरिचित झाला. व्यवहाराच्या जोखमीनुसार कसोटी कमीअधिक करण्याचे तत्त्वही स्वीकारले गेले, उदा., स्पर्शरहित कार्डाने पिनशिवाय देता येणाऱ्या रकमेची मर्यादा २०२१ च्या प्रारंभी २,००० रुपयांवरून ५,००० रुपये करण्यात आली. बँकेने २०२५ मध्ये काढलेल्या निदेशांनी एसएमएसखेरीज इतर घटकांनाही वाव दिला.

ओटीपीची मुख्य उणीव अशी की, तो दुसऱ्यास सांगता येतो. बँकेचा अधिकारी असल्याची बतावणी करून दूरध्वनीवर विचारणाऱ्यास तो सांगितला, की प्रणालीच्या दृष्टीने फसविणाराच धारक ठरतो. मोबाइलला संपर्क न मिळणाऱ्या गावी तोच धारकाची वाट अडवितो. शारीरिक वैशिष्ट्ये विसरली जात नाहीत. पण ती फुटल्यास बदलता येत नाहीत. शेतमजूर, बांधकाम कामगार व वृद्ध यांचे ठसे झिजलेले असल्यास यंत्र ते ओळखत नाही. शिधा वा निवृत्तिवेतन अशा पडताळणीवर अवलंबून असेल, तर ही तांत्रिक चूक राहत नाही. हक्काचे धान्य नाकारले जाते. यासाठी पर्यायी मार्ग ठेवणे अपरिहार्य असते.

पासकी : या पद्धतीत परस्परांशी गणिती संबंध असलेल्या दोन किल्ल्या असतात. खासगी किल्ली धारकाच्या उपकरणांत व सार्वजनिक किल्ली सेवेकडे राहते. धारक बोट वा पिन वापरून उपकरण उघडतो आणि ते सेवेने पाठविलेल्या आव्हानावर अंकीय स्वाक्षरी करते. किल्ली मूळ संकेतस्थळाच्या पत्त्याशी बांधलेली असल्याने बनावट स्थळावर ती चालत नाही आणि सांगण्याजोगे गुपितच धारकाकडे उरत नाही. यामागील वेब-ऑथन हे मानक वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने २०१९ मध्ये मान्य केले. मात्र उपकरण हरवल्यास खाते परत मिळविण्याची वाट लागतेच. ती केवळ जन्मतारीख वा आईचे माहेरचे आडनाव अशा इतरांनाही ठाऊक असणाऱ्या प्रश्नांवर उभी असेल, तर पुढचे दार कितीही भक्कम असले, तरी मागचे उघडेच राहते. म्हणून खात्याची सुरक्षितता त्याच्या सर्वांत दुर्बळ प्रवेशमार्गाइतकीच मानावी लागते. [→ संगणक].