साम, रेप, गध आणि मनि

पहाटे ५.१५
विठ्ठलवाडी आगारातल्या एस.टी. सुरू व्हायच्या आत तंबोरा लावून घ्यायचा, हा माझा नियम. नंतर इंजिनांच्या घरघरीत खर्जाची तार नीट कानात शिरत नाही. आधी जोड, म्हणजे मधल्या दोन तारा एकाच षड्जावर. त्यांच्यात किंचित फरक राहिला तर आवाजात लाट येते. सेकंदाला एक लाट म्हणजे एका कंपनाचा फरक. मणी सरकवत गेलं की लाट लांबत जाते आणि मग उरतच नाही. त्यानंतर पंचम, शेवटी खर्ज. खर्ज जुळला की कुणी न छेडलेला गांधार वर तरंगायला लागतो. तारेच्या मूळ कंपनसंख्येच्या पाचपटीतून तो येतो, म्हणून स्वयंभू. मग पाऊण तास खर्जाचा रियाज.

सकाळी ७.००
विशारदची तयारी करणारी मुलगी येते. भूप तिला पाठ आहे: सा रे ग प ध. आज तिला म्हटलं, "भूपातल्या गांधाराला सा मान आणि तेच पाच स्वर गा." दोन आवर्तनांत ती थांबली. "ताई, हा तर मालकंस!" स्वर एकही बदलला नव्हता, मोजायला सुरुवात दुसरीकडून केली होती. पंचमाला सा मानलं तर दुर्गा निघतो, धैवताला मानलं तर धानी. असा सा बदलणं म्हणजेच मूर्च्छना. तिची व्याख्या मुलीला परीक्षेसाठी केव्हाची पाठ होती. कानाला ती आज भेटली.

सकाळी ८.४०
कल्याणला शाळेत शिकवायला जाते. स्टेशन एकच, पण गर्दी पूर्ण कर्जत-बदलापूरची. फलाटावर उभी असताना पुण्याकडे जाणारी एक्सप्रेस न थांबता गेली. इंजिनाच्या भोंग्यात एक उंच आणि एक ढाला असे दोन आवाज असतात. गाडी अंगावर येताना ते चढे ऐकू येतात आणि पुढे निघून गेली की झपकन उतरतात. ताशी ६० किलोमीटर वेगाला हा उतार एका पूर्ण स्वराहून थोडा कमी भरतो. पण दोन्ही आवाज एकाच प्रमाणात उतरतात, म्हणून त्यांच्यातलं अंतर तसंच राहतं. अंतर म्हणजे कंपनसंख्यांचं गुणोत्तर, वजाबाकी नव्हे, हे फळ्यावर समजवायला मला तास लागतो. एक्सप्रेस ते काही सेकंदांत करते.

दुपारी २.००
शाळेत समूहगीताची तालीम. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

घरी येऊन जेवण, मग पेटी उघडते. संध्याकाळच्या बॅचला पेटी लागते, पण स्वर ओळखायला शिकवताना मी ती बंद ठेवते. पेटीचं सप्तक बारा सारख्या भागांत कापलेलं. सप्तकाचे १२०० सेंट धरले तर शुद्ध पंचम ७०२वर येतो, पेटीचा ७००वर. हा फरक कुणाला टोचत नाही. गांधाराचं तसं नाही. तंबोऱ्यातून उमटणारा गांधार ३८६वर आणि पेटीचा ४००वर. दोन्ही एकत्र वाजले की पेटीचा गांधार चढा लागतो, कणसूर. १९४० साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली, ती तीन दशकं टिकली. तेव्हाच्या वादात या गांधाराचाही वाटा होता. मी बंदीच्या बाजूची नाही. पेटीवर आधार मिळतो, पण अंतर शिकायचं तंबोऱ्याजवळ.

संध्याकाळी ५.३०
लहान मुलांची बॅच. आज जोडीचा अलंकार: साम, रेप, गध, मनि, पसां. पहिल्या तीन जोड्या सगळे खणखणीत म्हणतात. चौथ्या जोडीला वर्गाचे दोन गट पडतात. निम्मी मुलं 'मनि' बिनचूक म्हणतात. उरलेल्यांपैकी कुणाचा निषाद कोमल होतो, कुणी मध्यमच वर ओढून तीव्र करतं.

पालकांना वाटतं, ही दुसरी मुलं कच्ची. मला उलट वाटतं. साम, रेप, गध ही प्रत्येकी अडीच स्वरांची अंतरं. मनि मात्र पूर्ण तीन स्वरांचं. पसां पुन्हा अडीच. ज्या मुलाच्या कानाने पहिल्या तीन जोड्यांमधलं अंतर उचललंय, तो चौथ्यालाही तेच अंतर देणार आणि घसरणार. बिनचूक म्हणणाऱ्यांतली बरीच मुलं नावाने पाठ केलेला निषाद म्हणत असतात. ओळखायची युक्ती सोपी: "नावं न घेता आकारात म्हणा." मग कोण ऐकून गातंय आणि कोण पाढे म्हणतंय ते लगेच कळतं.

आज एक आठ वर्षांची मुलगी म्हणाली, "ताई, मनि एकमेकांशी बोलत नाहीत." भरतमुनींनी नाट्यशास्त्रात संवादी स्वरांची अंतरं सांगितली आहेत, नऊ किंवा तेरा श्रुती. षड्ज-मध्यम नऊ, षड्ज-पंचम तेरा. मुलीला श्रुती शिकवलेल्या नाहीत. मी तिला एवढंच म्हटलं, "बरोबर. आता न बोलणारेसुद्धा नीट गायचे."

संध्याकाळी ७.००
प्रवेशिकेची मुलं. परीक्षेत आकारात गायलेले स्वर ओळखावे लागतात. पाश्चात्य संगीत शिकणाऱ्यांना प्रत्येक अंतरासाठी एखाद्या ओळखीच्या गाण्याची सुरुवात लक्षात ठेवायला सांगतात. आपल्याकडे आधार षड्जाचा: कानात सा धरायचा आणि आलेला स्वर त्याच्यापासून किती दूर ते पाहायचं. ही सवय पक्की, पण तिचाही तोटा आहे. रे आणि प ऐकवले की मुलं 'रे, प' म्हणतात. त्या दोघांत किती अंतर आहे ते सांगता येत नाही. म्हणून शेवटची दहा मिनिटं मी तंबोरा थांबवते आणि कुठलेही दोन स्वर गाते. सा कुठे आहे ते सांगत नाही. पहिले काही दिवस मुलं चिडतात. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. अशा शाळांतून गाणं वर्गात आलं, वह्यांत आलं. कानाला मात्र एकेकट्यानेच शिकावं लागतं.

रात्री ९.००
भजनी मंडळ. बुवांचा घसा बसलेला, म्हणून काळी दोन सोडून पांढरी एकवर गाणं ठरलं. पखवाजवाल्यांनी कुरकुरत पखवाज उतरवला. पेटीवाले काका अडले. अभंग त्यांना बोटांनी पाठ, आणि बोटांना काळी दोनचीच सवय. मंडळाची पेटी साधी, स्केलचेंजर नाही.

"माउली, पट्टी बदलली, पण चालीतली अंतरं तीच आहेत," मी म्हटलं.

"ते तुमच्या कानाला कळतं हो ताई," काका म्हणाले, "माझ्या बोटांना कोण समजावणार?"

पहिला अभंग त्यांनी नुसता सा धरून काढला. दुसऱ्याला चाल गुणगुणत एकेक स्वर शोधला. तिसऱ्याच्या मध्यावर बोटं सुटली, तेव्हा बुवांनी मुद्दाम त्याच ओळीची चार आवर्तनं घेतली.