झाकलेल्या निबेचं पेन

पार्कर फिफ्टीवन ओळखायचं तर आधी टोपण ओढून निब शोधावी. ती जवळजवळ दिसतच नाही. पेनाच्या निमुळत्या तोंडातून तांदळाच्या कणीएवढं टोक तेवढं बाहेर आलेलं असतं. बाकी सगळी निब कवचाच्या आत. सोनं मिरवणाऱ्या पेनांच्या काळात या पेनानं आपलं सोनं झाकून ठेवलं, आणि त्यामागचं कारण समजलं की पेनाची खरी किंमत कळते.

माझ्याकडे ते आत्याकडून आलं. गिरगावात फणसवाडीतलं घर आवरताना तिनं ते माझ्या हातात ठेवलं. आमच्या आप्पांना निवृत्तीच्या वेळी कचेरीतून भेट मिळालेलं. “पार्कर आहे, जपून ठेव,” एवढंच ती म्हणाली. पार्कर खरं, पण कुठलं?

हा प्रश्न महत्त्वाचा, कारण याच घडणीची पेनं बरीच आहेत. कंपनीनंच १९४८मध्ये ‘पार्कर २१’ हे स्वस्त भावंड आणलं. त्याची निब पोलादी आणि अंगाचं प्लास्टिक तडकणारं. १९५६च्या ‘पार्कर ६१’च्या तोंडावर छोटा बाण जडवलेला असतो. आणि आपल्याकडे सर्वांत जास्त फसगत होते ती शांघायच्या ‘हीरो’मुळे. झाकलेली निब, बाणाची क्लिप, धातूचं टोपण, सगळं तसंच. हीरोला मी कमी लेखत नाही. आपल्याकडच्या किती विद्यार्थ्यांनी त्यावर परीक्षा दिल्या! पण फिफ्टीवन ते नव्हे.

म्हणून आधी टोपणाच्या कडेजवळ भिंगातून पाहावं. पार्करचं नाव आणि देश तिथे बारीक अक्षरांत कोरलेला असतो. मग दांडीचा मागचा भाग हलक्या हातानं फिरवून काढावा. आत धातूची नळी, तिच्यावर दाबायची पट्टी आणि शाई कशी भरावी याची कोरलेली सूचना दिसली, तर पेन १९४८ किंवा त्यानंतरचं. त्याआधीच्या पेनात नळी नसते. मागच्या टोकाची बारकी टोपी काढली की खाली दट्ट्या असतो. आप्पांच्या पेनात नळी निघाली आणि टोपणावर इंग्लंडचं नाव.

टोपण सोनेरी आहे म्हणून कुणी हरखून जाऊ नये. ते बहुधा रोल्ड गोल्ड, म्हणजे हलक्या धातूवर सोन्याचा पातळ थर. निब मात्र खरी १४ कॅरटची; तिच्यावरचा शिक्का कवचाखाली असल्यानं पेन उघडल्याशिवाय वाचता येत नाही. झवेरी बाजार गिरगावातून पायी जाण्याइतका जवळ आहे, पण या पेनाचं मोल तिथल्या तराजूवर व्हायचं नाही. निबेत सोनं असतंच किती!

मोल आहे ते कवचाच्या आतल्या करामतीत. पार्कर कंपनी १८८८ची. १९३९ साली, तिच्या एक्कावन्नाव्या वर्षी, हे पेन तयार झालं, म्हणून नाव ‘५१’. बाजारात आलं १९४१मध्ये. कंपनीला कागदावर झटकन वाळणारी शाई हवी होती. अशी शाई उघड्या निबेवरही वाळून बसणार, म्हणून निब नळीसारखी करून कवचात घातली. ती शाई इतकी तिखट होती की त्या काळातलं सेल्युलॉइड तिनं खराब होई, म्हणून अंग ॲक्रिलिकचं केलं. निबेभोवती बारीक खाचांच्या चकत्यांचा एक भाग बसवला. हाताच्या उबेनं आतली हवा फुगली की जास्तीची शाई त्या खाचांत थांबते आणि डाग पडत नाही. एका शाईपायी सगळं पेन नव्यानं घडवलं. इतका विचार करून वस्तू बनवणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

तिखट शाई आता विसरावी. १९३१मध्ये दांडेकर बंधूंनी सुरू केलेल्या उद्योगाची, आपल्या कॅमलची, साधी निळी शाई या पेनाला उत्तम मानवते. फक्त वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक चुकूनही घालू नये. ती आत घट्ट बसते. वर्षानुवर्षं पडून राहिलेलं पेन गार पाण्यानं धुवावं. निबेचं टोक पाण्यात बुडवून नळीवरची पट्टी दाबत राहावं, निळं पाणी स्वच्छ होईपर्यंत. गरम पाणी आणि स्पिरिट यांपासून ॲक्रिलिक दूर ठेवावं. बहुतेक वेळा एवढ्यावर पेन पुन्हा चालू लागतं, कारण नळीच्या आतली शाईची पारदर्शक थैली फार टिकाऊ आहे. रबरासारखी ती कुजत नाही. कवच स्वतः उघडायच्या फंदात मात्र पडू नये.

आणि मग लिहावं, मराठीत. या निबेला लवचीकपणा नाही. बोरूनं येते तशी जाड-बारीक रेघ हिच्याकडून मिळणार नाही, सुलेखनाला हे पेन कामाचं नाही. पण सलग लिहिताना ते खुलतं. शिरोरेघ एकसारखी उमटते, काना-वेलांट्यांना निब अडत नाही, विचार करत थांबलं तरी पुढचा शब्द कोरडा निघत नाही. गिरगावातल्याच खटाववाडीत ‘मौज’ प्रकाशनाच्या कचेरीत येणाऱ्या कथा-कविता हातानंच लिहिलेल्या असत, त्यांवरच्या दुरुस्त्याही हातानंच. पानामागून पान लिहिण्याच्या त्या रिवाजासाठी याहून योग्य हत्यार मला ठाऊक नाही.

आप्पांच्या पेनाच्या दांडीवर त्यांचं नाव कोरलेलं आहे. संग्राहक अशा नावाला दोष मानतात, किंमत उतरते म्हणतात. काही जण ते घासून काढतात. तसं करू नये. भेट दिलेल्या पेनाचा तोच पुरावा असतो, आणि घासलेली दांडी पुन्हा पहिल्यासारखी होत नाही.