संप्रेषणात्मक भाषाध्यापन: बंगळूर प्रयोग आणि त्यानंतर

स्वातंत्र्यानंतर भारतातील शाळांत इंग्रजी मुख्यतः वाक्यरचनांच्या ठरावीक क्रमाने शिकवली जाई. शिक्षकाने नमुन्याचे वाक्य म्हणायचे, वर्गाने ते घोकायचे. एवढा सराव करूनही मुलांना प्रत्यक्ष व्यवहारात भाषा वापरता येत नव्हती.

याच सुमारास डेल हाइम्स यांनी संप्रेषणक्षमतेची कल्पना मांडली. व्याकरणाबरोबरच कोणाशी, केव्हा, कसे बोलावे याची जाणही तिच्यात येते. डेव्हिड विल्किन्स यांनी १९७६ मध्ये विनंती, नकार, दिलगिरी अशा भाषिक कार्यांभोवती अभ्यासक्रम रचण्याची दिशा दाखवली.

एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील काही शाळांत राबवलेला बंगळूर प्रयोग याहून पुढे गेला. व्याकरणाचा किंवा भाषिक कार्यांचा क्रम न ठरवता त्यांनी कृतींची मालिका आखली. रेल्वेचे वेळापत्रक फळ्यावर मांडून शिक्षक आधी साऱ्या वर्गाशी प्रश्नोत्तरे करीत. मग तशाच दुसऱ्या वेळापत्रकावरचे प्रश्न प्रत्येकाने एकट्याने सोडवायचे. उत्तर बरोबर आले का, हे आधी पाहिले जाई. गटकार्य प्रभूंनी टाळले, कारण मुलांची कच्ची इंग्रजी एकमेकांत पक्की होईल अशी त्यांना भीती होती.

अर्थाकडे लक्ष लागले की भाषा नकळत रुजते, हे या विचाराचे खरे बळ. पण १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनात प्रयोगातील मुले कृतींवर आधारित चाचणीत, तर नेहमीच्या वर्गांतील मुले रचनांच्या चाचणीत सरस ठरली. त्याच वर्षी मेरिल स्वेन यांनी कॅनडातील फ्रेंच माध्यमात शिकणाऱ्या इंग्रजीभाषक मुलांचा अनुभव मांडला: आकलन उत्तम, पण बोलण्या-लिहिण्यात व्याकरणाच्या चुका तशाच. त्यामुळे अर्थपूर्ण कृतीतच योग्य वेळी भाषेच्या रूपाकडे लक्ष वेधण्याचा मार्ग पुढे आला.

महाराष्ट्राने २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू केली, तेव्हा हेच प्रश्न मराठी शाळांपुढेही आले. मोठा पट, लेखी परीक्षेचे वर्चस्व आणि स्वतःच इंग्रजी बोलताना संकोचणारे शिक्षक, या अडचणी निव्वळ पाठ्यपुस्तक बदलून सुटत नाहीत. शिक्षकांचे सलग प्रशिक्षण आणि तोंडी कौशल्याला परीक्षेत खरे वजन मिळाले, तरच संप्रेषणात्मक पद्धत वर्गात टिकते.